चोवीस कामट्या आणि एक ओली भिंत : दिवाळीआधीच्या प्रकल्प नोंदी

14 सप्टेंबर 2025, रविवार

घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. चौथा मजला, वन बीएचके. राहणारे चौघं: आई, ही, चौथीतली लेक आणि मी. वसुबारसेला पाच आठवडे उरलेत. तीन कामं ठरवली आहेत. आजीच्या लुगड्यांचे उशांचे अभ्रे, हॉलच्या भिंतीवर वारली चित्र आणि घरी बांधलेला कागदी कंदील. हाताशी वेळ म्हणजे रविवार आणि रात्रीची जेवणं आटोपल्यावरचा तासभर.

पहिल्याच दिवशी अडलं. मी पिशवी घेऊन गेरू आणायला निघालो तर आई दारातच. "अरे, पितृपक्षात नवीन काही आणू नये." मी म्हटलं, गेरूला काय नवीन-जुनं? तिने उत्तरच दिलं नाही, म्हणजे विषय संपला. सर्वपित्री 21 ला. तोपर्यंत घरात जे आहे त्यातूनच काम करायचं. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. आजीची दोन सुती लुगडी निघाली, एक जांभळं, एक हिरवं. नऊ नऊ वारांचं कापड, म्हणजे चार अभ्रे सहज निघतील असा माझा हिशेब.

17 सप्टेंबर, बुधवार

हिशेब चुकला. सोळा इंची चौकोन कापून हिने मशीनवर शिवले, मी उशी आत कोंबली आणि कापड शिवणीच्या बाजूने टरकन फाटलं. शिवण शाबूत, कापडच गेलं. चाळीस वर्षं धुतलेलं सूत ते, त्यात जीव किती उरणार?

हे आधी बघायला हवं होतं: लुगडं खिडकीसमोर धरायचं. जिथून पलीकडची बिल्डिंग दिसते तिथलं कापड विरलंय. आमच्या लुगड्यांचा मधला भाग सगळाच विरलेला निघाला. काठ आणि पदर मात्र घट्ट.

आईने यातून वाट काढली, गोधडीची. विरलेल्या कापडाचे तीन थर एकावर एक ठेवून धावदोरा घालायचा आणि चारी बाजूंनी काठ लावायचे. धावदोऱ्याच्या दोन ओळींत बोटभर अंतर. त्याहून लांब ठेवलं तर थर सरकतात, हे मी करून पाहिलं आणि उसवलंही. टाके घालण्याआधी तिन्ही थर मोठ्या टाक्यांनी कच्चे जोडून घ्यायला विसरू नका. मी विसरलो, म्हणून पहिला अभ्रा एका कोपऱ्यात पावणेदोन इंच तिरका आहे. तो सोफ्याच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवला जाईल.

एका अभ्र्याला आईचे साडेचार तास. माझे सात. दोरा आणि सुया मिळून 45 रुपये (हे नवीन सामान चाललं, कारण आईनेच मागवलं).

21 सप्टेंबर, रविवार

अभ्रे आईकडे सोपवले. ते आता तिचं काम, या वहीत त्यांची फारशी नोंद येणार नाही.

आज भिंत. सोफ्याच्या मागची, बाहेरून पाऊस सोसणारी. पत्रीने जुना डिस्टेंपर खरवडला तर खाली मिठासारखी पांढरी भुकटी. लोणा लागलाय. कोरड्या ब्रशने झाडला, ओल्या फडक्याने पुसला, भिंत स्वच्छ दिसली आणि मला वाटलं, झालं.

नाही झालं. पुढची नोंद वाचा.

24 सप्टेंबर, बुधवार

गेरू आणला, अर्धा किलो 40 रुपये. पाण्यात कालवून वाटीभर गेरूला दोन चमचे फेविकॉल घातलं आणि काल रात्री एक हात दिला. रंग असा सुरेख आला की रात्री दोनदा उठून बघितला. सकाळी लेक शाळेत जाताना त्या भिंतीला पाठ लावून बुटाची नाडी बांधत होती. पांढऱ्या शर्टाची पूर्ण पाठ गेरूची.

दोन चमचे कमी पडतात. वाटीला चार लागले, तेव्हा कुठे कोरड्या हाताला रंग लागेनासा झाला. सुकल्यावर पांढरा रुमाल घासून बघा, गणवेश घासून बघू नका.

28 सप्टेंबर, रविवार

पाऊस. काल संध्याकाळपासून थांबलेला नाही. सकाळी सोफा पुढे ओढला तर गेरूला ताटाएवढे दोन फुगे आलेले. बोटाने टिचकी मारली तर बद्द आवाज. एक फोडला, मागे ओल आणि पुन्हा तीच पांढरी भुकटी.

भिंतीत बाहेरून पाणी मुरतं, ते आतल्या बाजूने सुकायला येतं आणि येताना क्षार घेऊन येतं. मी वरून फेविकॉलचा थर चढवून त्याची वाट बंद केली होती. पाणी वाट काढणारच, थर ढकलून. बाहेरची भेग बुजल्याशिवाय या भिंतीवर आतून काहीही केलं तरी टिकणार नाही, आणि बाहेरची भेग म्हणजे सोसायटीची मीटिंग, म्हणजे या दिवाळीत नाही.

खर्च फार नाही. वेळ मात्र गेला: खरवडणं, पुसणं, दोन हात मिळून सात तास. शिवाय भिंत आता पूर्वीपेक्षा वाईट दिसते. ही काही बोलली नाही. सोफा परत मागे सरकवला फक्त, जरा जोरात.

मुंबईतल्या कुणाला बाहेरच्या भिंतीवर चित्र काढायचं असेल तर आधी प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. हे काम फुकटचं आहे, आणि मी ते आज केलं, सगळं झाल्यावर.

2 ऑक्टोबर, गुरुवार (दसरा)

सुट्टी. भिंतीचा नाद सोडला. जुन्या कपाटाचं प्लायचं दार पॅसेजमध्ये उभं होतं, दोन फूट बाय तीन. त्यावरच चित्र काढायचं आणि दोन हुकांवर टांगायचं. भिंत सोडल्याचं वाईट वाटत होतं, पण जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकातच वारली चित्रं झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. मग मी प्लायवर नेलं तर काय बिघडलं, असं स्वतःला समजावलं.

दाराला सनमायका नव्हता हे नशीब. पॉलिश पेपरने घासलं, गेरूचे दोन हात दिले. कडांना तीन. प्लाय कडेने पाणी पितो.

विषयावर घरात बराच खल झाला. मला नेटवर दिसतो तसा लग्नाचा चौक काढायचा होता, मधे पालघट देवी. पण तो चौक वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी काढतात, त्यात देवी बसवतात. आपण तो सोफ्यामागे शोभेला लावायचा हे मलाच बरं वाटेना. मधे तारपा वाजवणारा आणि भोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं एवढं ठेवलं. कडेला काय, हे लेकीने ठरवलं: फ्लेमिंगो. आमच्या मागे खारफुटी आणि पलीकडे ठाणे खाडी आहे, हिवाळ्यात ते येतात, शाळेची सहल तिथे गेली होती. माणूस दोन त्रिकोणांचा, टोकाला टोक लावून. फ्लेमिंगोला तिने एकच त्रिकोण दिला आणि खाली एक लांब रेघ. पक्षी एका पायावर उभा असतो, दुसरा पाय दाखवायची गरज नाही असं तिचं म्हणणं. मला पटलं.

पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा केला, पाण्यात डिंक घालून. खरी पद्धत तीच. ब्रश म्हणून बांबूची काडी, टोक ठेचून. काडी छान चालते, रेघ एकसारखी येते. ठिपके मात्र काडेपेटीच्या काडीने.

5 ऑक्टोबर, रविवार

चित्र हुकांना टांगलं. स्टेशनजवळच्या बुरुडाकडून बांबू आणला, 150 रुपये, उभा फोडून घेतला. उरलेलं तासणं घरी. अर्धा दिवस गेला आणि दोन्ही हातांत कूस. जुने जाड मोजे हातात घालून तासा.

कंदिलाचा हिशेब इथे नीट लिहितो, कारण मला तो कुणी सांगितला नाही. जुना पारंपरिक आकार म्हणजे सहा चौकोन. प्रत्येक चौकोनाला चार कामट्या, एकूण चोवीस, सगळ्या सारख्या लांबीच्या. आधी सहाही चौकोन सुटे बांधायचे. मग एक खाली सपाट ठेवायचा. त्याच्या चार कोपऱ्यांना चार चौकोनांचा एकेक कोपरा बांधायचा, म्हणजे ते चार टोकावर उभे राहतात. शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांना. वर चार कोपरे मोकळे उरतात, त्यावर सहावा चौकोन. मधल्या जागांत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. गाठी बारा, प्रत्येक गाठीत चार कामट्या.

मी बारा इंची कामट्या कापल्या. का, तर फूटभराचा कंदील हवा होता.

7 ऑक्टोबर, मंगळवार

दोन वाईट बातम्या.

पहिली, चित्राला बुरशी. नाचणाऱ्यांच्या पोटांवर करडे ठिपके, जिथे पीठ जाड लागलं होतं तिथेच. शेणामातीची भिंत पाणी पिऊन घेते, फेविकॉलने बंद केलेला प्लाय पीत नाही, पीठ वरच्यावर ओलं राहतं. ओल्या फडक्याने सगळं पुसलं, खालचा गेरू थोडा उडाला, पुन्हा लावला. पांढरा अॅक्रिलिक रंग आणला (85 रुपये) आणि सगळं वेटोळं नव्याने काढलं. लेक वैतागली, पण दुसऱ्या खेपेचे फ्लेमिंगो जास्त चांगले आहेत.

दुसरी, कंदील. सांगाडा बांधून उचलला तर तो बारा इंचांचा नव्हताच. या आकाराची उंची कामटीच्या जवळजवळ दीडपट होते (खरं तर 1.41 पट). बारा इंची कामटीचा कंदील सतरा इंच उंच, तितकाच रुंद, आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पुरता दोन फूट. आमच्या बॉक्स ग्रिलची उघडणारी झडप पंधरा इंचांची. कंदील बाहेर जाणार कुठून? तो हॉलमध्ये फिरवून, तिरका करून, उलटा करून पाहिला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "ग्रिल कापून घेऊ का?"

सोडला. चोवीस कामट्या नऊ इंचांवर आणल्या. आता उंची पावणेतेरा इंच. आधी झडप मोजा, मग कामटी.

एक फायदा झाला. बांबू ओला होता, या दोन दिवसांत सुकून आकसला आणि पहिल्या बांधणीच्या गाठी तशाही सैल पडल्याच होत्या. तासलेल्या कामट्या दोन दिवस पंख्याखाली ठेवून मगच बांधायच्या.

9 ऑक्टोबर, गुरुवार

नवा सांगाडा बांधून पूर्ण, आणि हातात धरताच पिळवटला. चौकोनांचे पतंग झाले, सगळा कंदील एका बाजूला मान टाकून बसला. मला वाटलं गाठी सैल. घट्ट केल्या, तरी तेच. गाठींचा दोष नाही हे समजायला रात्रीचे दीड वाजले. चार कामट्यांच्या चौकोनाला कितीही आवळा, तो तिरका होतोच. त्रिकोण होत नाही.

ऑफिसातून येताना वाकडी वाट करून माहीमच्या कंदील गल्लीत गेलो. काही घेतलं नाही, नुसता बघत उभा राहिलो. तिथल्या एका मुलाने माझा केविलवाणा फोटो पाहिला आणि म्हणाला, "काका, दोरा ताणा ना आतून." एवढंच.

प्रत्येक चौकोनात दोन्ही कर्णांवर दोरा ताणायचा. दोन्ही दोरे मोजायचे. नऊ इंची कामटीला दोन्ही पावणेतेरा भरले की चौकोन बरोबर, सुताराच्या गुण्याची गरज नाही. वरच्या चौकोनात दोऱ्याऐवजी एक कामटीच आडवी घातली, होल्डर त्यालाच लटकेल. सांगाडा आता टेबलावर आपटला तरी हलत नाही. आपटून पाहिला.

11 ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सीएसएमटी. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर पतंगाचा कागद, दहा ताव 60 रुपये, राणी आणि पांढरा. तिथून चालत लोहार चाळीत होल्डर आणि पाच मीटर वायर 160, नऊ वॅटचा एलईडी 110. दिवाळीआधीच्या शनिवारी त्या भागात जाऊ नये. दीड तासाचं काम चार तासांचं झालं.

पाच चौकोन राणी, आठ त्रिकोण पांढरे, वरचा चौकोन उघडा. कागद चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त कापायचा, कामटीवरून आत दुमडायला. आईच्या सांगण्यावरून मैद्याची खळ केली. ती म्हणाली, यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे पूर्वी. मोरचूद विषारी, लेक खळीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली, म्हणून नाही घातलं. खळीने कागद सुरकुतत नाही, सुकताना ताणून बसतो, हे खरं.

आणखी ताणावा म्हणून मी पाण्याचा हलका फवारा मारला. राणी रंग सुटला आणि तीन पांढऱ्या त्रिकोणांत उतरला. ते त्रिकोण बदलले. या कागदाला पाणी दाखवायचं नाही. रात्री अकराला कंदील पूर्ण, शोकेसवर ठेवला, फोटो काढले, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले.

12 ऑक्टोबर, रविवार

सकाळी सहाला आईने हाक मारली. कंदिलाच्या कडा कुरतडलेल्या. झुरळं. जिथे जिथे खळ तिथे तिथे नक्षी, दोन चौकोन तर एका बाजूने मोकळे लोंबत होते. मोरचूद का घालायचे ते आता समजलं. आई "मी सांगितलं होतं" असं म्हणाली नाही, पण चहा देताना तोंड तसंच होतं.

सगळा कागद काढला. फेविकॉल (95 रुपयांचा डबा, गेरूतला उरलेला) थोडं पाणी घालून ब्रशने फक्त कामटीला लावायचं, कागदाला नाही. कागदाला लावलं की तो भिजून चुण्या पडतात. एका बाजूला लावा, कागद टेकवा, मिनिटभर थांबा, मग समोरची बाजू हलक्या हाताने ओढून. शेजारची बाजू लगेच घेऊ नका, तिरकी सुरकुती येते. कागद संपला होता, म्हणून लेकीच्या शाळेजवळच्या स्टेशनरीतून आठ ताव, 8 रुपयांनी, 64. तिथे राणी नव्हता, केशरी मिळाला. आता केशरी-पांढरा आहे.

फेविकॉल कोरडं झाल्यावर झुरळांना त्यात गोडी नाही. तरीही रात्री कंदील पंख्याच्या हुकाला सुतळीने टांगून ठेवला. पंखा बंद. चौघं घामाघूम झोपलो.

14 ऑक्टोबर, मंगळवार

शेपट्या. खालच्या चौकोनाच्या चार बाजूंना. कागदाची चारपदरी घडी, वर दोन बोटं सोडून अर्ध्या-अर्ध्या इंचाचे काप. दोन फुटांच्या छान डौलदार केल्या आणि ग्रिलमध्ये टांगून बघितल्या. चौथ्या मजल्यावरच्या वाऱ्यात दहा मिनिटांत ग्रिलच्या गजांना वेण्या घातल्यासारख्या गुंडाळल्या. कापून फूटभर केल्या. खाली रस्त्यावरून त्या लांड्या दिसत नाहीत, मी उतरून बघून आलो.

दिवा लावला तेव्हा केशरी कागद आजारी दिसला. एलईडी पांढऱ्या प्रकाशाचा आणला होता. बेडरूममधला पिवळसर दिवा काढून इथे लावला आणि हा तिकडे, म्हणून ही आता रात्री वाचताना कुरकुरते. दिव्याभोवती सगळीकडून चार बोटं तरी मोकळी हवीत, आमच्याकडे पाच आहेत. वायरचा जोड खिडकीच्या आत ठेवला आहे. बाहेर पावसाचा भरवसा नाही.

17 ऑक्टोबर, शुक्रवार (वसुबारस)

संध्याकाळी कंदील लावला. झडपेतून बाहेर जाताना एका कोपऱ्यावर कागद खरचटला, लेकीने तिथे चांदणी कापून चिकटवली. चित्र सोफ्यामागे, बरोबर त्या दोन फुग्यांच्या जागेवर. मागे हवा खेळावी म्हणून फळीच्या पाठीला चार बाटल्यांची बुचं चिकटवली आहेत, फळी भिंतीला टेकत नाही. अभ्रे चार झाले, आईने पाचव्याचे तुकडे जोडायला घेतलेत.

पैसे: सुया-दोरा 45, गेरू 40, बांबू 150, अॅक्रिलिक 85, कागद 60 आणि 64, वायर-होल्डर 160, एलईडी 110, फेविकॉल 95. एकूण 809. यात लेकीचा शर्ट धरलेला नाही. गेरूचा डाग पाठीवर अजून आहे, स्वेटरखाली झाकला जाईल म्हणावं तर मुंबईत स्वेटर कोण घालतं.

समोरच्या विंगमधले काका खालून विचारत होते, कंदील कुठून आणला. लेकीने ग्रिलमधून ओरडून सांगितलं, "झुरळांनी अर्धा खाल्लाय, तुम्हाला नाही आवडणार!"